आपण जिंकलो, म्हणजे कोण?

इंग्लंडातील काउंट्यांच्या प्रतिनिधींनी १८७३ साली एकत्र बसून क्रिकेटपटूंच्या पात्रतेचा एक नियम केला. तोपर्यंत धंदेवाईक खेळाडू जिकडून बोलावणे येईल तिकडे जात. जेम्स सदर्टन या गोलंदाजाने तर एकाच हंगामात सरे, ससेक्स आणि हॅम्पशायर अशा तीन काउंट्यांची चाकरी केली होती. नव्या नियमाने हा सैल कारभार आवळला. खेळाडूने एक तर आपल्या जन्माच्या काउंटीकडून खेळावे, नाही तर जेथे त्याचे वास्तव्य आहे त्या काउंटीकडून खेळावे. मात्र एकाच हंगामात दोहोंकडून खेळू नये. वास्तव्य म्हणजे किती, हेही ठरले : दोन वर्षे. हंगामाच्या आरंभी माणसाने आपले काय ते ठरवावे आणि हंगाम संपेपर्यंत त्याला धरून राहावे.

नियम किती सुटसुटीत आहे पाहा. ज्यांची सारी हयात बदलीच्या हुकमावर चालते, ज्यांच्या कपाटावरच्या एका पेटीवर मागल्या गावचे लेबल अजून तसेच असते, अशा आपल्यासारख्यांना त्याचा हेवा वाटावा. आमचा जन्म सांगलीचा. बेंगळुरात आम्हांस आठ वर्षे झाली; म्हणजे १८७३ च्या हिशेबाने आम्ही चार वेळा येथले रहिवासी ठरलो. परंतु तो नियम खेळणाऱ्यासाठी आहे. पाहणाऱ्यासाठी कोणी नियम केलेला नाही. त्याला पात्रता लागत नाही, नोंदणी लागत नाही, त्याला कोणी अपात्रही ठरवीत नाही. तो एकाच दिवशी चार संघांचा होऊ शकतो, आणि आयुष्यभर एकाचाही न होता नुसत्या धावा मोजीत बसू शकतो. मग त्याच्या निष्ठेला निष्ठा तरी का म्हणावे? जी मोडली तर कोणी जाब विचारीत नाही आणि जी पाळली तर कोणाचे भले होत नाही, तिला नीतीच्या प्रांतात जागा आहे काय? आमच्या मते आहे. आणि परमुलखात राहणाऱ्याला ती जागा थोडी अधिक स्पष्ट दिसते.

याचे कारण एका लहानशा शब्दात आहे. संघ जिंकला म्हणजे त्याचा पाठीराखा ‘ते जिंकले’ असे म्हणत नाही. बॅट कधी हाती न धरलेला, आरामखुर्चीत पाय पसरून बसलेला मनुष्यही ‘आपण जिंकलो’ असेच म्हणतो. मराठीने या ठिकाणी मोठी सोय आणि तितकीच मोठी अडचण करून ठेवली आहे. आपल्या भाषेत ‘आम्ही’ निराळे आणि ‘आपण’ निराळे. ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटले की ऐकणाऱ्याने ओळखावे की आपल्याला बोलावणे नाही. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले की त्याने उठून हात धुवावे. इंग्रजीत ही सोय नाही. आजच्या बोलीच्या कन्नडातही नाही. तेथे ‘नावु’ म्हटले की काम भागते. त्यात ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हे प्रसंगावरून समजून घ्यायचे. आपल्यापैकी जे रोज ‘नम्म मेट्रो’ने कचेरी गाठतात त्यांनी या नावाचे मराठी एकदा करून पाहावे. २०११ साली ही गाडी सुरू झाली तेव्हापासून ते नाव साऱ्या शहराच्या तोंडी आहे. ‘नम्म’ म्हणजे ‘आमची’, का ‘आपली’? ‘आमची’ म्हणावे तर डब्यात दांडी धरून उभे असलेले आम्ही पाहुणे. ‘आपली’ म्हणावे तर घरचे. कन्नड माणसाला हे ठरवावे लागत नाही, त्याच्या भाषेने ते झाकून ठेवले आहे. ठरवावे लागते ते आपल्याला, आणि तेही भाषांतर करताना. (मुंबईकर मोठ्या प्रेमाने ‘आमची मुंबई’ म्हणतो, ‘आपली मुंबई’ म्हणत नाही, हे येथे सहज आठवते. पण तो विषय मुंबईकरांचा.)

क्रिकेटच्या बाबतीत हे ठरविणे बेंगळुरात विशेष जड जाते. मुंबईने रणजी स्पर्धेचे अजिंक्यपद १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा मिळविले. ती साखळी तुटली ती १९७४ च्या मार्च महिन्यात, याच शहरात, उपांत्य सामन्यात. प्रसन्नांनी गावसकरांचा त्रिफळा उडविला आणि वाडेकर पाय घसरून धावचीत झाले. येथल्या कोणाही साठीपलीकडच्या गृहस्थाला विचारावे; तो चेंडू कसा वळला हे तो हातातली कॉफी खाली ठेवून मनगटाने करून दाखवील. पुढे १९८२-८३ साली कर्नाटकाने मुंबईस तिच्याच अंगणात, अंतिम सामन्यात, मागे टाकले. उलट जानेवारी २०१० मध्ये म्हैसूरच्या अंतिम सामन्यात ३३८ धावांचा पाठलाग करणारे कर्नाटक ३३१ वर आटोपले आणि मुंबई सहा धावांनी जिंकली. आम्ही तेव्हा सांगलीस महाविद्यालयात होतो. त्या सहा धावांचा आनंद पुढे किती तरी दिवस पुरला.

आता यातली गंमत अशी की, सांगली मुंबईच्या संघाच्या हद्दीत येतच नाही. ती महाराष्ट्राच्या संघाची. विजय हजारे सांगलीत जन्मले, ते महाराष्ट्राकडून आणि पुढे बडोद्याकडून खेळले. जन्म नाही, वास्तव्य नाही; मग मुंबईच्या विजयाचा अभिमान सांगलीकराला कोणत्या कलमाखाली वाटतो? २०१३-१४ चा अंतिम सामना हैदराबादेस झाला तो कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यातच. कायद्याने तो आमचा संघ. तो हरला, आणि त्याची हळहळ आम्हांस म्हैसूरच्या आनंदाच्या पावपटही वाटली नाही. ओळखीच्या दहा मराठी माणसांना विचारले तर नऊ जण हेच सांगतात. म्हणजे जन्माने आलेली म्हणून जी निष्ठा आपण मिरवितो, ती उलटून पाहिली तर पुष्कळदा निवडलेलीच निघते. निवडताना आपली नजर जिंकणाऱ्याकडे असते आणि नाव मात्र आपण मातीचे देतो.

निवडलेल्या निष्ठेचे दुसरे एक रूप आम्हांस या शहरानेच दाखविले. कचेरीत आमच्या शेजारच्या मेजावर एक कन्नड गृहस्थ बसतात; निवृत्तीला त्यांची थोडी वर्षे राहिली आहेत. रणजीचा हंगाम आला की आमचे त्यांचे बोलणे दोन्ही बाजूंनी जरा जपून चाले. तो हंगाम सरून इंग्लंडातला उन्हाळा लागला, तेव्हा एका दुपारी त्यांनी खणातून एक जुने रजिस्टर काढून आमच्यापुढे ठेवले. आत १९९५ सालच्या वर्तमानपत्रांतील धावफलकांची कात्रणे खळीने चिकटविलेली होती. त्या वर्षी अनिल कुंबळे नॉर्दॅम्प्टनशायर काउंटीकडून खेळत होते. त्यांनी हंगामात १०५ बळी घेतले. त्याच उन्हाळ्यात म्हैसूरचे जवागल श्रीनाथ यांनी ग्लॉस्टरशायरसाठी ८७ घेतले. बसवनगुडीत शिकलेला एक मुलगा परक्यांच्या थंडीवाऱ्यात रोज काय करतो आहे, हे हे गृहस्थ सकाळच्या पत्रातून कात्रीने कापून ठेवीत होते. यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. कुंबळे ती काउंटी सोडून आले, तरी कात्रणे थांबली नाहीत. वर्तमानपत्रांनी काउंटीचे धावफलक छापणे कमी केले तेव्हा हे हाताने लिहू लागले. आता दूरध्वनीच्या पडद्यावरून उतरवून घेतात. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, “ज्या घरी आपला मुलगा सहा महिने जेवला, त्या घरची विचारपूस तो परत आला म्हणून थांबवायची काय?”

तेव्हापासून या विचारपुशीत आम्हीही सामील झालो. इंग्लंडात उन्हाळ्यातल्या सकाळी अकराला पडणारा चेंडू आपल्याकडे दुपारी साडेतीनला पडतो. म्हणजे चहाच्या सुमारास पहिली बातमी येते आणि रात्री जेवणे आटोपल्यावर शेवटची. चहाचा पेला उचलता उचलता ते विचारतात, “नम्मवरु एनु माडिदरु?” आणि येथे एक गोष्ट आम्हांस लख्ख दिसली. या ‘नम्म’चे मराठी करताना आम्ही मुळीच अडलो नाही. नॉर्दॅम्प्टन त्यांचेही नाही, आमचेही नाही. तेथे त्यांनी घर बांधलेले नाही आणि आमची शेती नाही. म्हणून तेथे ‘आम्ही’ संभवतच नव्हते. होते ते केवळ ‘आपण’. आपल्यांनी काय केले?

आपल्यांनी बहुधा काही केलेले नसते, हेही सांगितले पाहिजे. नॉर्दॅम्प्टन हे पूर्वापार जोडे बनविणाऱ्यांचे गाव. त्याची काउंटी १९०५ साली स्पर्धेत दाखल झाली, आणि २०२५ चा हंगाम संपेपर्यंत तिला अजिंक्यपद एकदाही मिळालेले नाही. ती चार वेळा दुसरी आली; १९६५ साली वूस्टरशायरने तिला अवघ्या चार गुणांनी मागे टाकले. परंतु तिची खरी कीर्ती निराळीच आहे. मे १९३५ ते मे १९३९ या चार वर्षांत तिने स्पर्धेतले ९९ सामने ओळीने खेळले आणि त्यांतला एकही जिंकला नाही. अखेर लीस्टरशायरला डावाने हरवून तिने हा फेरा संपविला. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू होऊन पुढले सहा हंगाम स्पर्धाच भरली नाही.

या ९९ सामन्यांचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. त्यांतल्या एखाद्या मधल्या सामन्याला, सत्तावन्नाव्या म्हणा, जो मनुष्य तिकीट काढून, भाकरीचा डबा बांधून मैदानावर जाऊन बसला असेल, तो कशासाठी गेला? आशेने म्हणावे तर छप्पन्न सामन्यांनी ती संपविली असणार. अभिमानाने म्हणावे तर अभिमान कशाचा? आपल्या गावचा संघ म्हणून म्हणावे, तर गावात सगळेच राहत होते, मैदानावर सगळे येत नव्हते. येथे कोणी फलाची आशा न धरण्याविषयीचे गीतावचन पुढे करील. पण इतके उंच चढण्याची गरज नाही. तो मनुष्य योगी नसावा, पंचाला शिव्याही देत असावा. आम्हांस वाटते, तो एवढ्यासाठीच गेला की काल काय झाले हे त्याला ठाऊक होते आणि आज काय होते हे पाहायला कोणी तरी असावे. लहान मुलाच्या आजारपणात शेजारीण रोज सकाळी दारात येऊन ‘ताप उतरला का?’ विचारून जाते. तिच्या विचारण्याने ताप उतरत नाही. पण चौथ्या दिवशी ती आली नाही तर घर रिकामे वाटते. निष्ठेतला कर्तृत्वाचा आणि अभिमानाचा भाग वजा केला की जे उरते ते हे : नित्य लक्ष ठेवणे. आणि ते ठेवायला जन्म लागत नाही, वास्तव्यही लागत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. दुरून डोंगर साजरे. पाच हजार मैलांवरच्या काउंटीवर प्रेम करायला काय लागते? ती उसने मागत नाही, भांडत नाही, रात्री बेरात्री दार ठोठावीत नाही. तिची भाषा शिकावी लागत नाही. ज्याला आठ वर्षांत शेजाऱ्याशी चार वाक्ये नीट कन्नडात बोलता येत नाहीत, त्याने नॉर्दॅम्प्टनच्या तेराव्या खेळाडूचे नाव पाठ करावे, यात कसली आली नीती? आमच्या मंडळींत असे पुष्कळ आहेत; दर रविवारी मराठी नाटक, दर दिवाळीला गावाकडे, आणि मधल्या दिवसांत हे शहर म्हणजे केवळ रहदारीची कटकट. त्यांचे मन गावाकडे आहे असे ते सांगतात, आणि गावाकडे गेल्यावर त्यांना बेंगळूरची हवा आठवते. दूरच्या निष्ठेचा हा उपयोग फार जुना आहे : ती जवळच्या देण्यातून सुटका करून देते. आक्षेप आम्हांस मान्य आहे. मात्र तो जितका नॉर्दॅम्प्टनला लागू आहे तितकाच सांगलीलाही लागू आहे, एवढे आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे. आमच्यापुरते म्हणाल, तर जे काही कन्नड आम्हांस येते ते त्या रजिस्टराभोवतीच आले. ‘सोतरु’ म्हणजे हरले, हा शब्द आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की तो मरेपर्यंत विसरणार नाही.

उलट टोकाचे उदाहरण यॉर्कशायरचे. इतर काउंट्यांनी १८७३ च्या नियमातली वास्तव्याची बाजू हळूहळू रुंद केली. १९६८ पासून परदेशी खेळाडूंना थेट दारे उघडली. यॉर्कशायर मात्र जन्मालाच चिकटून राहिली. जो यॉर्कशायरच्या सीमेत जन्मला तोच खेळेल. आता या काउंटीचा सर्वांत वजनदार कप्तान लॉर्ड हॉक. तो जन्मला शेजारच्या लिंकनशायरमध्ये! मोठ्यांच्या बाबतीत नियमाची नजर जरा कमी असते, हे आपल्या कचेऱ्यांतून नोकरी केलेल्यांना नव्याने सांगायला नको. १९६८ साली अजिंक्यपद मिळाल्यानंतर यॉर्कशायरला ते पुन्हा मिळायला २००१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात, १९९२ साली, तिने आपली कडी काढली आणि पहिला बाहेरचा खेळाडू म्हणून घरात घेतला तो वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेला एकोणीस वर्षांचा मराठी मुलगा, सचिन तेंडुलकर. ‘आम्ही’चे ‘आपण’ झाले म्हणून आपणा मराठी माणसांना त्या वेळी केवढा आनंद झाला! पण गोष्ट तेथे संपत नाही. यॉर्कशायरमध्येच जन्मलेल्या, पण आईवडील आपल्या उपखंडातले असलेल्या मुलाला त्या काउंटीच्या पहिल्या संघात जागा मिळाली ती २००४ साली, अजमल शहजादच्या रूपाने. म्हणजे जन्माचा नियम कडक होता तेव्हाही या मुलांचा जन्म जन्म धरला गेला नव्हता. आणि २०२० साली अझीम रफीक या तिच्याच माजी खेळाडूने तेथल्या वागणुकीविषयी जे उघड सांगितले, ते पुढल्या वर्षी थेट पार्लमेंटच्या समितीपुढे गेले. नियम कागदावरून पुसता येतो; ‘आम्ही’ म्हणण्याची सवय तेवढ्याने जात नाही.

१९९० साली नॉर्मन टेबिट या ब्रिटिश पुढाऱ्याने एक कसोटी सुचविली होती. इंग्लंडात राहणारे भारतीय आणि पाकिस्तानी वंशाचे लोक क्रिकेटच्या सामन्यात कोणाच्या बाजूने ओरडतात ते पाहा, म्हणजे ते कोणाचे हे कळेल. आपण सर्वांनी तेव्हा आणि नंतर त्याचा निषेध केला, तो योग्यच होता. परंतु मुंबई-कर्नाटक सामन्याच्या दिवशी आपल्या मंडळांतून हीच कसोटी आपल्या पोरांना लावली जाते, आणि ‘कर्नाटक’ म्हणणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला वडीलधारे हसत हसत का होईना ‘फितूर’ म्हणतात, हेही आम्ही पाहिले आहे. ते पोर येथे जन्मले, येथे वाढले. १८७३ च्या नियमाची दोन्ही कलमे त्याच्या बाजूने आहेत.

आणि ज्याच्या बाजूने एकही कलम धड नाही त्याचे काय? करुण नायर यांचे उदाहरण घ्या. आईवडील मूळचे केरळचे, जन्म जोधपूरचा, वाढले बेंगळुरात. कर्नाटकाकडून नाव कमाविले, २०१६ साली चेन्नईस इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या. आणि काही वर्षांनी कर्नाटकाच्या संघातही त्यांना जागा उरली नाही. २०२३ साली त्यांना घेतले ते आमच्या नॉर्दॅम्प्टनशायरने, आणि त्यानंतर विदर्भाने. २०२५ च्या मार्चमध्ये नागपूरच्या अंतिम सामन्यात, त्याच केरळाविरुद्ध, त्यांनी शतक काढले आणि विदर्भास अजिंक्यपद मिळाले. त्या दिवशी शेजारच्या मेजावरून आवाज आला, “तुमच्या लोकांनी आमचा मुलगा नेला.” आम्ही म्हणालो, “नेला नाही, ठेवून घेतला.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि रजिस्टर काढून त्यांनी विदर्भाचा धावफलक नॉर्दॅम्प्टनच्या पानावर लिहून ठेवला. पुढच्या हंगामात करुण कर्नाटकात परतले. ते पान तसेच आहे.

यानंतरची गोष्ट काउंटीची नाही, याच शहराची आहे. पण ती सोडून पुढे जाता येत नाही. ३ जून २०२५ च्या रात्री बेंगळूरच्या संघाने आयपीएलचा चषक अठराव्या हंगामात पहिल्यांदा जिंकला. या संघात जन्मही नाही आणि वास्तव्यही नाही. खेळाडू लिलावात घेतलेले, त्यांना शहराशी बांधणारे काही असेल तर ते नाव. तरी वर्षानुवर्षे ‘ई साला कप नमदे’, या वर्षी चषक आपलाच, असे म्हणत आणि दरवर्षी हरत या शहराने त्याचा विनोदच करून घेतला होता. त्या रात्री आमची सात वर्षांची कन्या गच्चीवर कन्नड मुलांबरोबर ‘नावु गेद्वि’ म्हणून ओरडली आणि घरात येऊन आम्हांस म्हणाली, “बाबा, आपण जिंकलो.” दुसऱ्या दिवशी दुपारी चिन्नस्वामी मैदानाबाहेर लाखोंची गर्दी लोटली, चेंगराचेंगरी झाली आणि अकरा माणसे मृत्यू पावली. जवळच्या स्थानकांवर ‘नम्म मेट्रो’च्या गाड्या न थांबता जात होत्या. जबाबदारी कोणाची, याची चौकशी करणारे करतील. आमच्या कानांत राहिले ते निराळे वाक्य. त्या आठवड्यात एका मराठी घरी चहाला गेलो असता एक सुशिक्षित, सहृदय गृहस्थ म्हणाले, “या लोकांना वेडच आहे.” वेड म्हणाले याचे आम्हांस काही वाटले नाही. वाटले ते ‘या लोकांना’ याचे. दोनच दिवसांपूर्वी, शेवटचा चेंडू पडला तेव्हा, त्याच घरात सर्वांनी ‘आपण’ म्हटले होते.

कन्येने वर्तमानपत्रातली छायाचित्रे पाहिली आणि विचारले, “बाबा, यांत आपले कोणी होते का?” ओळखीचे असे कोणी नव्हते. आम्ही “हो” म्हणालो.

आता थोडे कचेरीचे. केंद्रीय नोकरास रजा प्रवास सवलतीसाठी आपले ‘होम टाउन’ एकदा जाहीर करावे लागते, हे वाचकांस ठाऊकच आहे. ते कोणते मानावे याच्या कसोट्याही नियमांत दिल्या आहेत : घरगुती वा सामाजिक कर्तव्यांसाठी जेथे वरचेवर स्वतः जावे लागते, जेथे घर आहे, जेथे जवळचे नातलग राहतात, नोकरीत लागण्यापूर्वी जेथे काही वर्षे काढली, ते. नुसत्या जन्माला त्यांत जागा नाही, ही गोष्ट आम्हांस पूर्वीपासून विलक्षण वाटत आली आहे. सरकारी नियम लिहिणाऱ्याने एवढ्या बारकाईने विचार केला असेल अशी अपेक्षा नसते. काउंटीच्या खेळाडूला दर हंगामी निवड होती. आपल्याला तशी नाही. विशेष कारण असेल तरच, विभागप्रमुखांच्या मंजुरीने, सबंध नोकरीत एकदाच हे गाव बदलता येते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मेजावर असा एक अर्ज आला. अर्जदार मराठी, मूळचे कऱ्हाडकडचे, बेंगळुरात पंचवीस वर्षे काढलेले. त्यांनी कऱ्हाडच्या जागी बेंगळूर मागितले होते. यात त्यांचा लाभ काही नव्हता, तोटा मात्र होता. मुख्यालय आणि होम टाउन एकच झाल्यावर गावी जाण्याच्या भाड्याचा प्रश्नच उरत नाही. ही गोष्ट बाहेर फुटली तेव्हा आपल्याच मंडळींनी त्यांची पुष्कळ थट्टा केली. कोणी म्हणाले, माती विसरला. कोणी म्हणाले, भाड्यावर पाणी सोडणारा पहिला मराठी माणूस. आम्ही अर्ज वाचला. कारणाच्या रकान्यात त्यांनी मोठे काही लिहिले नव्हते. आईचे अंत्यसंस्कार येथे झाले. कऱ्हाडचे घर विकले गेले. मुलगी याच शहरात दिली आहे. ‘ज्या ठिकाणी मला वरचेवर जावे लागते ते ठिकाण हेच आहे.’

आम्ही नियमातली कसोटी उद्धृत करून टिपण लिहिले, शेजारच्या मेजावरून त्याचा शब्दन्‌शब्द तपासून घेतला आणि अर्ज वर पाठविला. महिन्याभराने मंजुरी आली. सेवापुस्तकात तशी नोंद करताना आम्ही कऱ्हाडवर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. हा बदल नोकरीत एकदाच करता येतो. आमचा अजून शिल्लक आहे.